सोलं, आगळ आणि इन्स्टाग्राम : वेंगुर्ल्याकडच्या एका बचत गटाच्या हंगामी नोंदी

३ एप्रिल २०२५

गटाची महिन्याची बैठक झाली. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागलेत, थोड्याच दिवसांत पहिली खेप खळ्यात येईल. गेल्या हंगामातली भिरंडं (पिकलेले रातांबेच) फोडतानाची रील उन्हाचा तडाखा वाढला तशी पुन्हा फिरू लागली आहे. बघणारे हजारांनी, लाइक शेकड्यांनी, ऑर्डरी मात्र हाताच्या बोटांवर. थोरल्या काकींनी सरळच विचारलं, "एवढी माणसा बघतत, मगे घेणत कित्याक नाय?" या हंगामात ह्याचं उत्तर शोधायचं आणि रोजचं काय केलं ते लिहून ठेवायचं, असं ठरलं. फोन माझ्याकडे, म्हणून वहीही माझ्याकडे.

मुदत गणपतीपर्यंत. माल तीनच : आमसुलं (रातांब्याची वाळवलेली साल, आम्ही सोलं म्हणतो), आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), अमृत कोकम (सरबताचा गोड पाक). गटाकडे अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी आहे, लहान उत्पादकांची असते ती. तिचा १४ आकडी क्रमांक लेबलावर होताच, आज प्रोफाइलवरही घातला. अनोळखी माणूस खाण्याच्या वस्तूचे पैसे आधी मोजणार असेल, तर त्याला हा क्रमांक शोधावा लागू नये.

५ एप्रिल

दुपारभर बसून त्या रीलखालच्या सगळ्या कॉमेंटी वाचल्या आणि वहीत रकाने पाडले. सर्वांत मोठा रकाना आठवणींचा. आजीचं खळं, मे महिन्याची सुट्टी, लाल झालेले हात. त्याखालोखाल नुसतं कौतुक. मग औषधवाले : "पित्तावर रामबाण", "वजन उतरतं". आणि सर्वांत लहान रकाना विचारणाऱ्यांचा. भाव काय, ठाण्यात पोचेल का, मीठ घातलेलं आहे का, किती दिवस टिकतं, आगळ आणि सरबत एकच का. एका "किंमत?" खाली तर तिऱ्हाइताने स्वतःच्या अंदाजाने भाव लिहिला होता, आमच्या भावाच्या जवळपास दुप्पट.

आठवणी लिहिणारी माणसं मला परकी वाटत नाहीत, त्यांच्यामुळेच रील चार घरांत पोचते. पण प्रश्न विचारणारा हा दुकानाच्या पायरीवर पाय ठेवलेला माणूस आहे. आजपासून मोजायचे ते प्रश्न. लाइकचा आकडा वहीत येणार नाही.

इन्स्टाग्रामवर आपण ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे निरोप बहुतेक वेळा 'रिक्वेस्ट'मध्ये वेगळे पडतात, मुख्य यादीत दिसत नाहीत. तो कप्पा रोज सकाळ-संध्याकाळ उघडायचा.

८ एप्रिल

वाट बांधायचं काम. रीलच्या मजकुरात लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही. ती चालते प्रोफाइलवर आणि स्टोरीतल्या स्टिकरमध्ये. म्हणून प्रोफाइलवर व्हॉट्सॲपची लिंक दिली. दाबली की निरोप आधीच लिहिलेला येतो, माणसाने फक्त पाठवायचा. आणि प्रत्येक रीलच्या स्टोरीसाठी निरोपाचे शब्द वेगळे ठेवायचे. आत्ताच्या रीलला "भिरंडं फोडतानाची रील बघितली", पुढे सोलकढीची केली तर तिला "सोलकढीची रील बघितली". कोण कुठल्या दारातून आला ते पहिल्या ओळीतच कळतं, त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरला : तीन वस्तू, प्रत्येकीचा उजेडात काढलेला फोटो, वजन, भाव, घटक. गिऱ्हाइकाच्या निरोपांना लावायची लेबलं त्यात तयारच असतात, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण. ती जशीच्या तशी वापरायची.

१२ एप्रिल

"भावासाठी मेसेज करा" हे वाक्य गटाने कायमचं बंद केलं. भाव रीलखाली पहिल्या ओळीत. दोन वहिनींना शंका होती, भाव वाचूनच लोक निघून जातील. जातील ते जाऊ देत. जे उरतील त्यांच्याशी बोलायला आम्हाला वेळ मिळेल.

भाव लिहायचा तर पाठवणीचा खर्च नक्की हवा. पोस्टात जाऊन बसले. स्पीड पोस्टचे वजनाचे टप्पे तेव्हा ५० ग्रॅम, २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम असे होते, पुढे प्रत्येक वाढीव ५०० ग्रॅमला जादा पैसे लागत. आमची पिशवी अर्ध्या किलोची. त्यात वरचं वेष्टण आणि खोका धरला की ती पुढच्या टप्प्यात जाते आणि गिऱ्हाइकाला वीसेक ग्रॅमसाठी अख्ख्या टप्प्याचा भुर्दंड पडतो. म्हणून आमसुलांचं पाकीट ४०० ग्रॅमचं केलं. वेष्टणासकट ५००च्या आत बसतं. लेबलावर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि बनवल्याची तारीख बदलून छापायला दिली.

आगळाचं वेगळं. बाटली जड, वर सांडायची भीती. अर्धा लिटरच्या दोन एकत्र किंवा आमसुलांबरोबर एक, असंच पाठवायचं.

१६ एप्रिल

आंब्याचं विचारणारे वाढलेत. गट आंबा विकत नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटी घेताना ती कुठल्या बागेतून आली हे विचारूनच घ्या, एवढं सांगून गावातल्या बागायतदाराचा नंबर त्याला विचारून देते.

१९ एप्रिल

इन्साइट्समध्ये, म्हणजे रील कोण कुठून बघतं ते इन्स्टाग्राम दाखवतं तिथे, शहरं बघितली. मुंबई, ठाणे, पुणे अपेक्षित होतंच. पण पणजी-मडगाव आणि बेंगळुरूही वर आहेत, आखातातलेही बरेच. एवढे बघणारे आणि इतक्या कमी ऑर्डरी, ह्याचं एक कारण इथेच आहे. त्यांतल्या कितीतरी जणांना आम्ही माल पाठवूच शकत नाही.

सावंतवाडीच्या हिशेबनिसांना विचारलं. राज्याच्या आत ४० लाखांखालच्या मालविक्रीला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. गोवा आमच्या अंगणापलीकडे आहे, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं, पण पार्सलाच्या दृष्टीने ते परराज्यच. या हंगामात पार्सल फक्त महाराष्ट्रात, गोव्याच्या माणसाने येऊन घेऊन जावं. हे प्रोफाइलवर लिहिलं. त्यानंतर रोजचे निरोप कमी झाले, उत्तरं लवकर जायला लागली.

२६ एप्रिल

आज आठवडा बाजारात काकींच्या शेजारी बसून नुसतं ऐकलं. गिऱ्हाईक येतं, सोलं चाचपतं, "कशी दिली?" विचारतं. काकी भाव सांगतात आणि त्याच दमात उलट विचारतात, "कित्याक व्हयी?" आमटीला हवीत म्हटलं तर जरा कोरडी, रसाची पुटं (रसात बुडवून वाळवायच्या फेऱ्या) जास्त दिलेली काढतात. सोलकढीला म्हटलं की आगळाची बाटली पुढे करतात. उपासाच्या सरबताला म्हटलं तर बिनमिठाची. एवढं झाल्यावर गिऱ्हाईक सहसा परत फिरत नाही, कारण आता बोलणं त्याच्या चुलीविषयी चाललेलं असतं.

फोनवर आम्ही काय करत होतो? भाव विचारला, भाव सांगितला, बोलणं संपलं. आकडा एकटा समोर आला की माणूस तो दुसऱ्या आकड्याशी ताडून बघतो, आणि किराणा दुकानातलं पाकीट नेहमी स्वस्तच असतं.

आता उत्तराचा साचा असा : भाव, पोच किती दिवसांत, आणि शेवटी प्रश्न, "कशासाठी हवंय? कुठल्या गावी पाठवायचं?" हे झटपट उत्तर म्हणून साठवलं. पण पुढचं बोलणं हातानेच लिहायचं, आणि आळीपाळीने काकींना शेजारी बसवून.

२९ एप्रिल

नव्या साच्याला आलेली उत्तरं वाचून आनंद झाला. लोक भरभरून लिहितात. डोंबिवलीची एक बाई आगळ मागत होती. सोलकढीसाठी का, विचारलं तर म्हणाली नाही, माशाच्या कालवणात. मग तिला आमसुलंच घ्यायला सांगितलं. आगळात भरपूर मीठ असतं, कालवण खारट झालं असतं. आगळाची किंमत जास्त आहे हे खरं, पण चुकीची वस्तू गळ्यात मारली तर ती बाई दुसऱ्यांदा येणार नाही. तिने आमसुलांची तीन पाकिटं मागवली, दोन बहिणींना.

६ मे

विचारलेल्या प्रश्नांवरच रीली करायला घेतल्या. आधीची रील बघायला सुंदर होती, पण ती कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

पहिली : "सोलं इतकी काळी का?" शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाला लालभडक आमसूल ताजं वाटतं आणि काळं जुनं. खरं तर रातांबा फोडून बी आणि गर वेगळा केला की साल उन्हात घालतात, मग गराच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात, असं कितीतरी वेळा. पुटागणिक साल जाड होते, रंग गडद होत जातो. कमी पुटांची सोलं लवकर होतात, हलकी असतात आणि आमटीत घातली की चव धरत नाहीत. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्या पुटाची, मधल्या आणि शेवटच्या पुटाची साल शेजारी-शेजारी हातावर धरली. शब्दांपेक्षा त्या तीन सालींनी जास्त सांगितलं.

दुसरी सोलकढीची : एका नारळाच्या दुधाला किती आगळ. तीन-चार चमचे, चाखत चाखत, वरून मीठ नको. लसूण, मिरची ठेचून. बस्स.

तिसरी रातांब्याच्या झाडावर. बियांपासून वाढवलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही आणि ते कळायला बरीच वर्षं जातात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' सारख्या जाती काढल्या आणि कलमं लावायची पद्धत आली. हिचा विक्रीशी थेट संबंध नाही, पण आमच्या मालाला मेहनत किती वर्षं आधी सुरू होते ते लोकांना कळावं असं मला वाटलं.

१३ मे

वेगवेगळ्या निरोपांचा उपयोग आज दिसला. सोलकढीची रील भिरंडांच्या रीलच्या पासंगालाही पुरत नाही एवढी कमी लोकांनी बघितली, पण तिच्यातून आलेले निरोप जास्त, आणि त्यांतले पैसे भरणारेही जास्त. ती रील लोक सेव्ह करतात. शनिवारी सेव्ह केलेली, आणि निरोप येतो बुधवारी, घरी मासे आणायचं ठरल्यावर. काळ्या सोलांच्या रीलमधून आलेला माणूस भावाची घासाघीस करतच नाही. झाडाच्या रीलमधून एकही ऑर्डर नाही, शेअर मात्र भरपूर, बहुतेक गावाकडच्या शेतकऱ्यांचे.

बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवायला, गटाने थोडी रक्कम काढून दिली होती. ती जास्त चाललेल्या रीलवर न घालता सोलकढीच्या रीलवर घातली. उद्देश 'जास्त मेसेज', जागा मुंबई, ठाणे, पुणे. जी रील आपोआप पळते आहे तिला पैसे देऊन आणखी पळवलं तर आठवणी लिहिणारे वाढतील. आम्हाला चूल पेटवून बसलेली माणसं हवी आहेत.

औषधी गुणांबद्दल कॉमेंटी येतच आहेत. गटाचं उत्तर एकच : आम्ही खाण्याची वस्तू विकतो, औषध नाही. अन्नपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा होतो असा दावा करायला २०१८च्या नियमांनी मनाई आहे. आणि नियम नसता तरी आईंनी तो करू दिला नसता.

२१ मे

कालपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस वयस्क माणसांनाही नवा. खळ्यातली सोलं रात्रीत पडवीत ओढली. मधल्या पुटांवर असलेली खेप ओलसर राहिली आहे.

नवीन ऑर्डरी आजपासून थांबवल्या. कॅटलॉगमधली आमसुलं लपवली.

२६ मे

नैऋत्य मोसमी पाऊस काल देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि वाळवणाचे शेवटचे आठवडे आम्ही त्याच हिशेबाने धरतो. झाडांवर अजून रातांबे आहेत, ते आता भिजून गळतील. काजू, आंबा सगळ्यांचंच नुकसान आहे, आमचं एकट्याचं नाही.

काजू कारखान्यातला गर वाळवायचा ड्रायर दोन दिवस भाड्याने मिळाला, अर्धवट खेप त्यात सुकवली. उन्हातल्यासारखा मऊपणा नाही, पण बुरशी धरणार नाही एवढी कोरडी झाली. उरलेल्या फळांचं आगळ करायचं ठरलं, त्याला ऊन लागत नाही.

पावसाची स्टोरी टाकली होती, भिजलेल्या खळ्याची. तिला आलेला प्रतिसाद आजवरचा सर्वांत मोठा. "आत्ताच पैसे पाठवतो, माल नंतर द्या," असे कितीतरी निरोप. गटात बराच वेळ चर्चा झाली. मी पैसे घेऊ नयेत या बाजूची होते आणि तसंच ठरलं. लोक हळहळून देत होते. अशा पैशांवर आम्हाला पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक मिळणार नाही. शिवाय हातात माल किती राहतो तेच अजून कळलेलं नव्हतं. सगळ्यांना लिहिलं : नाव आणि गाव नोंदवून ठेवतो, माल मोजून झाला की ज्याने आधी विचारलं त्याला आधी कळवू. आणि आमचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.

ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्याने आपला नंबर साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. हजारो फॉलोअरपैकी कुणाला आपली पोस्ट दिसेल हे आपल्या हातात नाही. साठवलेला नंबर हातात आहे.

११ जून

मोजणी झाली. उन्हातली सोलं आणि ड्रायरमधली सोलं वेगळी ठेवली, भावही वेगळा लावला, आणि फरक काय तो फोटोसकट लिहिला. ड्रायरची आधी संपतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. "आमटीतच घालायची आहेत, चालतील" म्हणून लोकांनी समजून घेतली.

नोंदवलेल्या यादीला निरोप गेले. लेबलं एकेक करून 'पैसे बाकी' वरून 'पैसे मिळाले' वर सरकत होती, आणि खोलीत चार बायका पाकिटं भरत होत्या. पैसे आल्याचा फोटो पाठवला तरी बँकेचा निरोप बघितल्याशिवाय पत्ता चिकटवायचा नाही, हा नियम पक्का. एक बनावट फोटो आलाही होता.

जे "हो, पाठवते" म्हणून गप्प झाले त्यांना चार दिवसांनी एकच आठवण. दुसरी नाही.

३ जुलै

रविवारी आषाढी. बिनमिठाच्या आमसुलांची मागणी, मुख्यतः पुण्याहून. त्यांच्यासाठी उपासाच्या सरबताची छोटी रील केली. बिनमिठाची उरलेली सगळी दोन दिवसांत गेली.

कुणी तरी विचारलं, तुमच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे का. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला ते २०१६ साली मिळालं आहे. पण ते चिन्ह पाकिटावर छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलीही नोंद करावी लागते. गटाची अजून नाही, म्हणून छापत नाही, असं उत्तर दिलं. बैठकीत नोंदणीचा विषय घेतला. कागद जमवायचं काम धाकट्या वहिनींकडे.

१० ऑगस्ट

पाठवणीनंतर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला विचारत होतो : काय केलंत, कसं झालं. विकायचं काही नाही, नुसतं विचारायचं. लोक ताटांचे फोटो पाठवतात. परवानगी घेऊन ते स्टोरीला लावले, नाव न घालता. जूनमध्ये घेतलेल्यांतले निम्म्याच्या आसपास आगळासाठी परत आले आहेत. त्यांच्यावर एक पैसा खर्च झालेला नाही.

आता गणपतीचं. २७ ऑगस्टला चतुर्थी, चाकरमानी आठवडाभर आधीपासून येतील. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने तालुक्यात येणार आहे, त्याला पार्सलाचा खर्च कशाला? ब्रॉडकास्टला निरोप टाकला : आत्ता नाव सांगून ठेवा, परत जाताना घेऊन जा. येताना कुणी बाटल्या घेत नाही, ओझं नकोसं असतं. जाताना मुंबईच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी प्रत्येकाला काही तरी हवं असतं. कुडाळ आणि सावंतवाडी स्टेशनाच्या वाटेवर, ओळखीच्या दोन दुकानांत पिशव्या नाव लिहून ठेवायच्या.

५ सप्टेंबर

मंगळवारी गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि परतीची गर्दी सुरू झाली. स्टेशनच्या वाटेवरच्या दोन्ही दुकानांतल्या पिशव्या गेल्या, मागून आलेल्यांसाठी काल पुन्हा भरून ठेवल्या. पिशवी नेताना लोक काकींना बघायला थांबत होते. रीलमधल्या सोलांवाल्या काकी त्याच का, म्हणून दोघा-तिघांनी विचारलं. त्यांनी प्रत्येकाला उलट विचारलं, कित्याक व्हयी, आणि एकाला आगळाऐवजी अमृत कोकम दिलं, कारण त्याच्या घरी लहान मुलं आहेत.

आमसुलं संपली, कॅटलॉगमधून काढली. आगळाच्या उरलेल्या बाटल्या फक्त जुन्या गिऱ्हाइकांना, दिवाळीपर्यंत. ज्यांना माल मिळाला नाही त्यांची नावं गावांसकट वेगळ्या वहीत उतरवली. रातांब्याला फळ धरलं की फेब्रुवारी-मार्चात पहिला निरोप ह्यांना जाईल, रील त्यानंतर. ड्रायर विकत घ्यायचा की भाड्याने, हा विषय पुढच्या बैठकीत. तोपर्यंत मी दोन्हींचा खर्च मांडून ठेवते.